सुट्टीत ऑनलाइन मॉडर्न फिजिक्स घेऊ का?

ताई,
मी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या टर्मला क्वांटम मेकॅनिक्स घ्यायचंय, पण त्याआधी मॉडर्न फिजिक्स झालेलं लागतं आणि ते या वर्षी माझ्या टाइमटेबलमध्ये बसलंच नाही. दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स उन्हाळ्याच्या सुट्टीत आहे, तो घ्यावा म्हणतेय. सोबत लिनिअर अल्जेब्रा पण ऑनलाइनच उरकून टाकावं असं डोक्यात आहे, आणि आठवड्याला वीस तास काम पण करायचंय. मैत्रीण म्हणते ऑनलाइन सोपं असतं, व्हिडिओ दुप्पट स्पीडने बघून टाकायचे. पण मागे एक ऑनलाइन कोर्स केला तेव्हा व्हिडिओ बघताना सगळं कळायचं आणि गणितं सोडवायला बसले की पेन पुढे सरकायचं नाही. इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझममध्ये मार्क बेताचेच आहेत. लॅबचं काय होणार तेही कळत नाहीये. काय करू?
— द्विधेत पडलेली

घे. पण तो एकच घे, लिनिअर अल्जेब्रा त्याच्या जोडीला नको, आणि फी भरायच्या आधी दोन-तीन गोष्टी लेखी पक्क्या करून घे. हे झालं थोडक्यात उत्तर. आता सविस्तर सांगते, कारण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं, तुला कदाचित ते सहज लिहिल्यासारखं वाटलं असेल. व्हिडिओ बघताना कळायचं आणि गणिताला बसलं की पेन सरकायचं नाही, हे ते वाक्य. लॅब, मार्क, वेळ हे सगळं नंतर बघू, आधी हे.

असं सगळ्याच विषयांत होतं पण मॉडर्न फिजिक्समध्ये जरा जास्तच होतं. मेकॅनिक्समध्ये बघ, उतारावरून घसरणारा ठोकळा असेल तर तुझा स्वतःचा काहीतरी अंदाज असतो, उत्तर चुकीचं आलं की आतून खटकतं की छे, एवढा वेग कसा येईल. इथे तसं काही नसतं. हलतं घड्याळ हळू चालतं, प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुड्यांनी येते, इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो, ही वाक्यं आपण शाळेपासून इतक्या वेळा ऐकलेली असतात की व्हिडिओत परत ऐकली की मान आपोआप डोलते. विरोध करायला आपल्याकडे काही नसतंच. आणि ज्या गोष्टीला आपण मनातल्या मनात एकदाही विरोध केला नाही ती गणितात वापरता येत नाही, कारण ती नक्की कुठल्या अडचणीवरचा उपाय म्हणून आली तेच माहीत नसतं. माझं ठाम मत आहे की या कोर्समध्ये जी मुलं अडकतात त्यातली बरीचशी गणितामुळे अडकत नाहीत, जुन्या फिजिक्सचं काय म्हणणं होतं हे न बघताच नव्या फिजिक्सवर जातात म्हणून अडकतात.

म्हणून एक सवय लाव. प्रत्येक टॉपिकला वहीत आधी लिहायचं की जुन्या फिजिक्सप्रमाणे इथे काय व्हायला हवं होतं, आकड्यात. मग प्रयोगात काय दिसलं. मग नवीन सूत्र. हा क्रम मोडायचा नाही, व्हिडिओत उलटा सांगितला असला तरी.

फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट घे, तो तुझ्या कोर्समध्ये पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येणारच. व्हिडिओत काय सांगतील, की आइन्स्टाइनने १९०५ मध्ये म्हटलं की प्रकाशाची ऊर्जा पुड्यांमध्ये असते, एक पुडी एका इलेक्ट्रॉनला, वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन धातूतून बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, वजा केलं की उरलेली ऊर्जा त्या इलेक्ट्रॉनची, झालं. दहा मिनिटांत संपतं. आता तू व्हिडिओ थांबव आणि वहीत असं कर. सोडियमच्या पत्र्यावर अगदी मंद प्रकाश पडतोय समज, एका चौरस मीटरवर एक मायक्रोवॅट, म्हणजे कडक उन्हाच्या साधारण एक अब्जांश. प्रकाश ही लाट असेल तर तिची ऊर्जा सगळ्या पत्र्यावर सारखी पसरणार. एका अणूची त्रिज्या ०.१ नॅनोमीटर धर, त्याचं क्षेत्रफळ काढ, त्याच्या वाट्याला सेकंदाला किती ऊर्जा येते ते काढ. साधारण ३ गुणिले दहाचा उणे २६ वा घात इतके वॅट येतात. सोडियममधून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सुमारे २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, ते ज्यूलमध्ये कर, भागाकार कर. उत्तर सव्वा कोटी सेकंदांच्या जरा आत येतं. चार महिन्यांहून जास्त! लाटेच्या हिशोबाने त्या अणूने चार महिने ऊर्जा गोळा करत बसायला हवं आणि मग कुठे एक इलेक्ट्रॉन सुटायला हवा. प्रत्यक्षात दिवा लावल्या लावल्या इलेक्ट्रॉन सुटायला लागतात, मोजता येईल असा उशीर होतच नाही.

हे चार महिने स्वतःच्या हाताने काढलेस ना, की मग पुडीची कल्पना तुला कुणी पटवून द्यायची गरज उरत नाही. आणि त्यानंतरची गणितं सरळ होतात. ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश, १२४० भागिले ४००, म्हणजे ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्टची पुडी, त्यातले २.३ गेले, ०.८ उरले, म्हणून ०.८ व्होल्टचा उलटा दाब दिला की करंट बंद. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाची पुडी १.९ ची, तो कितीही प्रखर केला तरी काही सुटणार नाही. (हा १२४० चा आकडा पाठ कर, प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि नॅनोमीटरच्या हिशोबात. आठ आठवड्यांत तो सतत लागणारे आणि दर वेळी दहाच्या घातांशी झगडत बसलीस तर परीक्षेत वेळ पुरणार नाही.)

आणि एक सांगते, कारण हे कळल्यावर मुलांना धीर येतो असा माझा अनुभव आहे. हे सूत्र ज्याने अत्यंत काटेकोर प्रयोग करून बरोबर ठरवलं त्या मिलिकनचाच पुडीच्या कल्पनेवर विश्वास नव्हता, त्याने १९१६ मध्ये निकाल छापले, आलेखाची रेष सरळ आली, तिच्या चढावरून प्लांकचा स्थिरांक मिळाला, आणि तरी कल्पना त्याला पटलेली नव्हती. बाकीच्यांना पटायलाही १९२३ चा कॉम्प्टनचा प्रयोग (क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आपटवण्याचा) यावा लागला. एवढ्या मोठ्या लोकांना जिथे वर्षं लागली तिथे तुला आठ आठवड्यांत पहिल्या फटक्यात सगळं सहज वाटलं तर उलट शंका घ्यावी, बहुतेक काहीतरी निसटलंय.

आता मैत्रिणीच्या दुप्पट स्पीडबद्दल. ती वाईट सल्ला देतेय असं मी म्हणत नाही, आधी माहीत असलेला भाग भराभर बघायला काही हरकत नाही. पण या विषयात डेरिव्हेशन सुरू झालं की व्हिडिओ थांबवायचा आणि पुढची ओळ आपण लिहायची, मग प्ले करून पडताळायची. म्हणजे चाळीस मिनिटांच्या व्हिडिओला दीड-दोन तास लागणार. लागू देत. गणितांचंही तेच, तयार उत्तरं आता एका क्लिकवर मिळतात, चॅटबॉटला विचारलं की पायऱ्यांसकट मिळतात, आणि वाचताना ती सगळी पटतात, म्हणजे तुझं तेच जुनं दुखणं परत, बघताना कळतं आणि बसलं की सुचत नाही. विचारायचंच असेल तर स्वतः अर्धा तास झगडल्यावर, आणि "उत्तर दे" असं न विचारता "माझी तिसरी ओळ कुठे चुकली" असं विचार. आणि मग ते बंद करून तेच गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर परत.

वेळेचा हिशोब करू, कारण लिनिअर अल्जेब्रा नको म्हणाले त्याचं कारण तिथेच आहे. नेहमीच्या टर्ममध्ये असा कोर्स साधारण पंधरा आठवडे चालतो, आठवड्याला तीन तास वर्ग आणि घरी त्याच्या दुप्पट अभ्यास धरला तर नऊ तास, म्हणजे सगळे मिळून १३५ तास. तेच आठ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला सतरा तास झाले. त्यात तुझे कामाचे वीस, म्हणजे सदतीस. जमण्यासारखं आहे, दमशील पण जमेल. त्यावर आणखी एक तसाच कोर्स टाकला की चोपन्न. आणि प्रश्न नुसता तासांचा असता तरी एक वेळ ओढून नेलं असतंस, पण इथे गोष्टी मुरायला मधे रिकामे दिवस लागतात. टर्ममध्ये रिलेटिव्हिटी शिकल्यावर महिनाभर ती डोक्यात मागे घोळत राहते, सुट्टीच्या कोर्समध्ये पंधराव्या दिवशी तिची परीक्षा होऊन गेलेली असते. ते रिकामे दिवस तुला कुणी देणार नाही, तुझे तुलाच वाचवून ठेवायला लागतील, म्हणून दुसरा कोर्स नको.

पण लिनिअर अल्जेब्राचा तुझा विचार मुळात चुकीचा नाहीये, क्वांटमला ते लागतंच. फक्त किती आणि कधी ते तुझ्या कॉलेजात क्वांटम कसं शिकवतात त्यावर आहे. काही ठिकाणी सुरुवात स्पिनपासून (कणाच्या अंगच्या फिरकीसारख्या गुणापासून) करतात, स्टर्न-गेरलाखच्या प्रयोगापासून, तिथे पहिल्याच आठवड्यापासून मॅट्रिक्स हातात येतात. काही ठिकाणी श्रोडिंजरच्या समीकरणापासून (इलेक्ट्रॉनची लाट कशी वागते ते सांगणाऱ्या) सुरू करतात, तिथे मॅट्रिक्स उशिरा. जे शिकवणार आहेत त्यांना विचार. स्पिनवाली पद्धत असेल तर कोर्स संपल्यावर सुट्टीचे जे काही दिवस उरतील त्यात दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू आणि आयगेन व्हेक्टर काढायला शिकून घे, तेवढ्यावर सुरुवात निभावते, आणि पूर्ण कोर्स क्वांटमच्या सोबत टर्ममध्ये कर.

इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमच्या मार्कांची काळजी सोड. खरंच. मॉडर्न फिजिक्सला त्यातलं लागतं ते इतकंच: चार्जवर इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक फील्डमध्ये बल किती, व्होल्टेजमधून गेला की ऊर्जा किती मिळते, दोन चार्जमधली पोटेन्शियल एनर्जी, आणि प्रकाश ही इलेक्ट्रोमॅग्नेटिक लाट आहे हे. गाउसच्या नियमाचे ते लांबलचक इंटिग्रल इथे जवळपास येत नाहीत. त्यापेक्षा लाटा पक्क्या कर. दोन लाटा एकमेकांत मिसळल्या की काय होतं, दोन्ही टोकांना बांधलेल्या तारेवर ठराविकच लाटा का टिकतात, दोन फटींचा प्रयोग. कोर्स सुरू व्हायच्या आधीचा वेळ सगळा यावर घातलास तरी चालेल, कारण बॉक्समधला, म्हणजे दोन भिंतींमध्ये कोंडलेला, इलेक्ट्रॉन म्हणजे बांधलेल्या तारेवरची लाटच असते, गणितात तरी.

गणितातलं काय लागतं तेही सांगते, फार नाहीये. साइन वर्गाचं इंटिग्रेशन न बघता यायला हवं. काल्पनिक घातांकाचा ई म्हणजे कोसाइन अधिक आय साइन, हे हाताला बसलेलं हवं. बायनॉमियलचं अप्रॉक्झिमेशन, रिलेटिव्हिटीत कमी वेगाला लागतं. सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन. आणि सगळ्यात महत्त्वाचं एक डिफरन्शियल इक्वेशन, ज्यात फंक्शनचं दुसरं डेरिव्हेटिव्ह हे त्याच फंक्शनच्या पटीत असतं. ती पट उणे असेल तर उत्तर साइन-कोसाइन, वरखाली होणारं. अधिक असेल तर उत्तर एक्स्पोनेन्शियल, वाढत जाणारं किंवा विझत जाणारं. एवढंच. पण बघ, श्रोडिंजरच्या समीकरणात इलेक्ट्रॉनची ऊर्जा तिथल्या पोटेन्शियलपेक्षा जास्त असली की चिन्ह उणे येतं आणि लाट हलत राहते, ऊर्जा कमी पडली की चिन्ह बदलतं आणि लाट विझायला लागते, एकदम शून्य होत नाही, हळूहळू विझते, आणि भिंत पातळ असेल तर पलीकडे थोडीशी उरते. टनेलिंग टनेलिंग म्हणतात ते हेच, एका चिन्हाच्या बदलातून निघालेलं. मला हा सगळ्या कोर्समधला सर्वात सुंदर भाग वाटतो आणि नेमका तोच घाईत जातो.

घाईत का जातो तेही ऐक, तुझ्या नियोजनाला उपयोगी पडेल. बहुतेक ठिकाणी सुरुवात रिलेटिव्हिटीने होते, ती मजेदार असते, सगळ्यांचा उत्साह ताजा असतो, जुळे भाऊ, आगगाड्या, बोगदे यात दोन आठवडे जातात. मग जुना क्वांटम, बोर, द ब्रॉगली, मग मधली परीक्षा, आणि श्रोडिंजर नेमका परीक्षेच्या आसपास येतो जेव्हा सगळे दमलेले असतात. शेवटी न्यूक्लिअर आणि सॉलिड स्टेट घाईघाईने. तुला पुढे क्वांटम करायचंय, म्हणजे तुझ्यासाठी या कोर्सचं काळीज चौथ्या ते सहाव्या आठवड्यात आहे. कामावर एखाद आठवडा सुट्टी किंवा कमी तास मागता येत असतील तर ते तेव्हा माग, परीक्षेच्या आदल्या दिवसांसाठी राखून ठेवू नकोस. बॉक्समधल्या इलेक्ट्रॉनचं एक गणित तरी शेवटपर्यंत आकड्यात कर. एक नॅनोमीटरचा बॉक्स, सगळ्यात खालची ऊर्जा ०.३७६ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते, दुसरी चौपट, म्हणजे दीड. वरून खाली उडी मारली तर १.१३ ची पुडी बाहेर पडणार, परत तो १२४० घे, ११०० नॅनोमीटर. इन्फ्रारेड. डोळ्याला न दिसणारं. बॉक्स लहान केला तर रंग कुणीकडे सरकेल ते आधी मनात ठरव आणि मग काढून बघ.

रिलेटिव्हिटीत एकच धोका आहे, सूत्रं सोपी असतात म्हणून विषय सोपा वाटतो. गॅमा (वेगामुळे वेळ किती पट ताणला जातो तो आकडा) काढून गुणायचं की भागायचं यात निम्मी मुलं चुकतात. कारण कुठल्या दोन घटना, आणि त्या कुणाच्या घड्याळाने मोजल्या हे लिहिलेलंच नसतं. म्युऑनचं (इलेक्ट्रॉनसारखाच पण जड, पटकन विघटणारा कण) उदाहरण वर सांगितलेल्या पद्धतीने कर. साधारण पंधरा किलोमीटर उंचीवर तयार होतात, सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. जुन्या हिशोबाने प्रकाशाच्या वेगाने गेले तरी सरासरी ६६० मीटरच जातील, जमिनीपर्यंत दहा अब्जांत एखाद-दुसरा पोचेल. प्रकाशाच्या ०.९९५ पट वेगाला गॅमा दहा येतो, तो घालून परत काढ, शंभरातले दहा पोचतात. प्रत्यक्षात ते जमिनीवर भरपूर सापडतात. मग तेच म्युऑनच्या बाजूने सोडव, त्याच्यासाठी घड्याळ नेहमीसारखंच आहे पण वातावरणच दीड किलोमीटरचं झालंय, उत्तर तेच यायला हवं. दोन्ही बाजूंनी सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

लॅब. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत, क्रेडिटचा आणि शिकण्याचा. क्रेडिटचा प्रश्न तुझं डिपार्टमेंटच सोडवू शकतं. काही ठिकाणी मॉडर्न फिजिक्सची लॅब हा वेगळाच कोर्स असतो, तो टर्ममध्ये करता येतो, काही ठिकाणी तो थिअरीला जोडलेला असतो आणि बाहेरून आणलेली ऑनलाइन लॅब चालत नाही. म्हणून फी भरायच्या आधी सिलॅबस मिळव, टॉपिकची यादी, किती तास, परीक्षा कशी, लॅब आहे की नाही, हे सगळं असलेला, आणि डिपार्टमेंटला ईमेलने विचार की हा कोर्स आमच्या मॉडर्न फिजिक्सच्या जागी धरणार का आणि त्यावर क्वांटमला बसू देणार का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत बरं का, क्रेडिट मिळतं पण प्रीरिक्विझिट पूर्ण झालं असं धरत नाहीत, असं होऊ शकतं. तोंडी "हो चालेल" यावर जाऊ नकोस. आणि निकालाची तारीख बघ, रजिस्ट्रेशनच्या आधी मार्कशीट तुझ्या कॉलेजात पोचायला हवी.

शिकण्याच्या बाजूने म्हणशील तर ऑनलाइनमध्ये हात लावायला काही नसतं ही कमतरता खरी आहे, ती मी झाकणार नाही. फेटची सिम्युलेशन्स वापर, कोलोराडो बोल्डर युनिव्हर्सिटीची, फुकट आहेत, फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचं तर फारच छान आहे, प्रखरता आणि रंग वेगवेगळे बदलून बघता येतात. पण आधी वहीत अंदाज, मग बटण. आणि जमलं तर एक खरा प्रयोग स्वतः कर. तीन रंगांचे एलईडी घे, लाल, हिरवा, निळा. पांढरा नको, तो आतून निळाच असतो आणि वरच्या फॉस्फरमुळे पांढरा दिसतो. प्रत्येकाला सिरीजमध्ये रेझिस्टर, थेट बॅटरीला लावलास तर जळेल. व्होल्टेज हळूहळू वाढवत जा आणि प्रत्येक रंगाला ठराविक तेवढाच बारीकसा करंट सुरू होतो तो व्होल्टेज मल्टिमीटरवर टिप. लालला पावणेदोन-दोनच्या आसपास येईल, निळ्याला अडीचच्या. आडव्या अक्षावर फ्रिक्वेन्सी, उभ्यावर व्होल्टेज, रेष काढ, तिचा चढ गुणिले इलेक्ट्रॉनचा चार्ज म्हणजे प्लांकचा स्थिरांक. अगदी बरोबर येणार नाही, दहा-वीस टक्के इकडेतिकडे सहज होईल, आणि का होईल यावर विचार करण्यात खरी गंमत आहे, कारण एलईडी नक्की कुठल्या व्होल्टला लागला हे आपणच ठरवतोय. पण ६.६ च्या आसपासचा आकडा स्वतःच्या टेबलावर निघणं ही वेगळीच गोष्ट असते.

एकटीने करू नकोस. कोर्स लाइव्ह असेल, ठराविक वेळेला वर्ग भरणारा, तर तोच निवड, रेकॉर्डेड आणि लाइव्ह दोन्ही असतील तर डोळे मिटून लाइव्ह. रेकॉर्डेडच असेल तर शिक्षकांच्या भेटीच्या वेळा असतातच, तिथे जा, प्रश्न नसला तरी सोडवलेलं गणित दाखवायला जा. आणि वर्गातलं एक कुणीतरी शोध ज्याच्याशी आठवड्यातून दोनदा फोनवर वाद घालता येईल. सांगताना अडखळतो तिथे आपल्याला कळलेलं नसतं, हे तुझ्या पेन न सरकण्यावरचं सर्वात चांगलं औषध आहे.

परीक्षेचंही आधीच बघून ठेव. कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची असते का, फॉर्म्युला शीट चालते का, हाताने सोडवून स्कॅन करून पाठवायची तर किती मिनिटं देतात. स्कॅन करायची तालीम होमवर्कपासूनच कर, येत असलेलं उत्तर नेटवर्कमुळे अडकलं असं नको व्हायला.

आणि फी परत मिळायची किंवा रेकॉर्डवर न येता कोर्स सोडायची शेवटची तारीख असते, सुट्टीच्या कोर्समध्ये ती फार लवकर येते, कधीकधी पहिल्याच आठवड्यात. ती आत्ता शोधून लिहून ठेव. त्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी तोवरच्या होमवर्कमधलं एक गणित कोऱ्या कागदावर, काहीही न बघता सोडवायला घे. सुटलं तर पुढे जा, अर्धं सुटलं तरी पुढे जा, पण कुठून सुरू करायचं हेच कळलं नाही तर सोड, आणि मॉडर्न फिजिक्स पुढच्या टर्मला नीट कर, क्वांटम त्याच्या पुढच्या टर्मला. एक टर्म मागे गेल्याने काही बिघडत नाही, पण मॉडर्न फिजिक्स कच्चं ठेवून क्वांटमला बसलीस तर तिथे ते कुणी परत शिकवत नाही.

डिपार्टमेंटला ईमेल मात्र आजच टाक, सिलॅबस जोडून. सुट्टी सुरू झाली की उत्तरं यायला वेळ लागतो.